मधली जाळी

२ जून

प्रिय टिटवी,

तुझे तिन्ही मासे जिवंत आहेत. हे आधी लिहितो, कारण पाकीट फोडून तू पहिल्यांदा हेच शोधशील आणि बाकीचं कदाचित वाचणारही नाहीस.

टाकीने माझी पुढची खोली भिंतभर अडवली आहे. दिवाण आत गेला आणि त्याच्या पाठोपाठ मीही. तिसऱ्या मजल्याला एवढ्या पाण्याचं ओझं पेलत नाही, खालच्या बिऱ्हाडात ठिबकतं, तेव्हा दादा, तुझ्या तळमजल्यावर थोडे दिवस राहू दे, असं तू म्हणालीस. मी हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात तू घर सोडलंस. म्हणजे तू आधी मासे हलवलेस आणि मग स्वतः हललीस. बेत माझ्या घरात शिजला आणि मला वाफही लागू दिली नाहीस, याचा मला राग आहे. तो लपवत नाही.

झाकणावर तू चिकटवलेल्या सूचना पाळतो आहे. पाण्यातल्या मिठाची काळजी करू नकोस, दुकानदारांचे वजनकाटे तपासून पोट भरणाऱ्या माणसाला ते जमतं. खायला घालताना मात्र अजून हात लांब करून, मागे सरून उभा राहतो. शार्क पाळले आहेत म्हटल्यावर लोक दारातूनच मान आत घालून बघतात आणि हिरमुसतात. हाताएवढी लांबी, तपकिरी अंग, दिवसभर वाळूवर सुस्त. पण चिमट्यात माकूळ माशाचा तुकडा दिसला की तेच अंग दोरीसारखं पिळलं जातं. तुकडा फाटेपर्यंत डोकं तळावर आपटत राहतात. काचेतून तो आवाज ऐकू येतो.

थोरली निवांत आहे. धाकटीच्या परावरची जखम भरत आली आहे. साहेब, तिघांतला एकुलता नर, तू सांगितल्याप्रमाणे मधल्या जाळीच्या पलीकडे एकटाच असतो आणि जाळीला नाक घासत इकडून तिकडे फिरतो. ‘मी सांगेपर्यंत जाळी काढायची नाही’ या ओळीखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. एकसुद्धा पुरली असती. मी काय लहान आहे?

भावोजी दर रविवारी येतात. मासे त्यांनीच घेतले होते, त्यांना येऊ नका कसं म्हणू? चिमटा कसा धरायचा, बोटं कुठे ठेवायची नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यांचा तो जुना विनोदही पुन्हा झाला, की घरात दातांचा डॉक्टर मी आणि चावतो मात्र साहेब. एकदा आईने तुझ्या दंडावरच्या डागांकडे बोट दाखवलं होतं, तेव्हाही त्यांनी हाच सांगितला होता. आपण सगळे हसलो होतो. तूही हसली होतीस.

काल ते टाकीपुढे बसून रडले. ‘मी जे केलं ते तिच्यासाठीच केलं, दादा,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांच्याकडे न बघता काच पुसत राहिलो. माणूस वाईट नाही, टिटवी. रागीट असेल. एक ओळ लिही त्यांना.

तू कुठे आहेस ते मला माहीत नाही आणि तुझ्या वकीलबाई सांगत नाहीत. हे पत्र त्यांच्या कचेरीत देईन, पुढे त्यांचे कारकून पाठवतील. भावोजींना मी वकीलबाईंचं नावही सांगितलेलं नाही.

तुझा दादा


२९ जून

प्रिय टिटवी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मला मात्र सांगायचं आहे, आणि तुला आवडणार नाही हे माहीत असून सांगायचं आहे. मी जाळी काढली.

कल्पना भावोजींची, हात माझे. धाकटी आता बरी आहे, या दिवसांत नर-मादी एकत्र आले तर अंडी मिळतील, तिकडे टिटवीला कळलं तर तिचं मन इकडे ओढेल, असं ते म्हणाले. शेवटच्या मुद्द्याला मी भुललो. दुपारी पडदे ओढून खोलीत अंधूक केलं. जाळी वर उचलली. त्यांनी दोन खुर्च्या टाकीपुढे मांडल्या, नाटकाला बसल्यासारख्या.

साहेब थोरलीकडे वळलाही नाही. तो थेट धाकटीच्या मागे लागला. दोन फेऱ्या ती पुढे होती. मग कोपऱ्यात त्याने तिला गाठलं आणि तिचा पर, त्याच बाजूचा, आधी फाटलेला, मुळापर्यंत तोंडात घेतला. ती पिळली. तिने त्याला काचेवर आदळलं, पुन्हा आदळलं. तो सुटला नाही. वाळू इतकी उसळली की नुसत्या शेपट्या दिसत होत्या. वाळू बसली तेव्हा ती उलटी होती, पोट वर, आणि तो तिला तसंच फरफटत नेत होता. पाण्यात लालसर धागे तरंगत होते. मला वाटायचं असल्या माशांचं रक्त काळपट असेल. तसं नसतं.

मी उठलो. चिमटा हातात घेतला. भावोजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला, अगदी हलका, आणि टाकीवरची नजर न काढता म्हणाले, ‘बसा हो दादा. ती सुटायला बघत नाहीये. तसं दिसतं फक्त.’

मी बसलो. तू हे वाचशील तेव्हा तुझा चेहरा कसा होईल ते माझ्या डोळ्यांपुढे येतं, तरी लिहितो. मी बसलो आणि शेवटपर्यंत बघितलं.

नंतर जाळी पुन्हा बसवताना माझा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि साहेबाने तो धरला. सोडवायला गेलो तर आणखी पिळला. भावोजींनी त्याच्या कल्ल्यांमागे अंगठा दाबून त्याला सोडवलं, माझा हात धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. आईने बांधली असती तशी बांधली. आम्ही चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. मग मी हे पत्र लिहायला घेतलं आणि पाकिटावर पत्ता घातला.

धाकटी थोरलीच्या मागे लपून आहे. खात नाही.

तुझा दादा


१७ जुलै

टिटवी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू आधीच दुसऱ्या गावी असशील, असं वकीलबाई म्हणाल्या. तरी जे घडलं ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

आधी हाताचं सांगतो. पट्टी सोडली तेव्हा हातावर बारीक टोचल्याच्या खुणांचा अर्धगोल होता आणि आजूबाजूची कातडी खरखरीत कागदाने घासल्यासारखी लाल झाली होती. चार दिवसांत खपली पडली. निळं काही नव्हतं. पिवळंही झालं नाही. बोटांएवढे वेगळे वेगळे डाग नव्हते. साहेबाच्या तोंडात तसं करायचं बळच नाही, तो धरतो आणि खरवडतो.

तुझ्या दंडावर चार निळे डाग एका बाजूला होते आणि एक दुसऱ्या बाजूला. आणि दंड पाण्यात जातोच कशाला? कोपर बुडालं की हात तळाला लागतो, हे मला आता रोजच्या रोज दिसतं. गळ्याच्या हाडाखालचा तुझा तो डाग आठवला तेव्हा मी कामावर होतो, एका किराणा दुकानात. काटा तराजूच्या मध्यावर यायची वाट बघत होतो. दुकानदार म्हणाला, साहेब, काटा केव्हाचा थांबलाय.

आता जे मागच्या पत्रात गाळलं ते. चहा घेताना भावोजींनी विचारलं, निदान पत्रं तिला पोहोचतात ना? मी म्हटलं, पोहोचतात. कुणामार्फत, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, अशी मी आठवडाभर मनाची समजूत घातली. पण त्यांच्यादेखत मी पाकिटावर वकीलबाईंच्या कचेरीचा पत्ता लिहिला. ते माझ्या खांद्यामागे उभे होते आणि पट्टी घट्ट तर नाही ना, असं विचारत होते. मी पाकीट हाताने झाकलं नाही. मला झाकायचं सुचलं नाही की झाकणं मला उर्मटपणाचं वाटलं, याचा निवाडा मला अजून करता येत नाही.

वकीलबाई दुपारी कोर्टात असतात हे त्यांनी दोन-तीन खेपांत हेरलं. परवा जेवणाच्या सुट्टीत ते कचेरीत गेले आणि दाराची कडी आतून लावली. कारकुनाला तू पाहिलं आहेस, ते पानाने रंगलेले दात दाखवत हसणारे म्हातारे गृहस्थ. भावोजींनी त्यांना खुर्चीवर मागे रेलवलं, छातीवर गुडघा ठेवला आणि खिशातून पक्कड काढली. आधी विचारलं. मग एक दात उपटला. बधिर न करता. दुसऱ्याला पक्कड लावली तेव्हा कारकुनांनी गावाचं नाव सांगितलं. घराचा पत्ता त्यांनाही माहीत नव्हता, म्हणून दुसराही गेला. निघताना भावोजींनी टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, चूळ भरा, काका.

मी दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो. त्यांचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. पोलिसांत जायला तयार नाहीत, घरी मुली आहेत म्हणतात. मी माफी मागितली. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, तुम्ही कोण? मी तुझा भाऊ, असं सांगायला मला लाज वाटली.

दादा


२६ जुलै

टिटवी,

मी बरा आहे. हातकडी पडली होती, जामीन झाला. आता क्रमाने सांगतो.

रविवारी भावोजी नेहमीच्या वेळी आले. तुझ्या जुन्या गावी दोन दिवस घालवून, रिकाम्या हाताने. मी दार उघडलं. तू म्हणशील, का उघडलंस? तू कुठे आहेस हे मला खरंच माहीत नाही, ते त्यांना एकदा तोंडावर सांगावं, मग प्रकरण मिटेल, असं मला वाटलं. माझी कामाची पिशवी खुर्चीजवळ होती, त्यात दुकानात न्यायचं पाच किलोचं लोखंडी वजन होतं.

त्यांनी बूट काढले नाहीत. टाकीवरचं झाकण सरकवलं, बाह्या वर केल्या आणि थोरलीला बाहेर काढलं. तिला माणसाच्या हाताची सवय, ती गेलीच त्यांच्या हातात. तिला जमिनीवर टाकलं आणि म्हणाले, ‘पत्ता.’

मी म्हटलं, मला माहीत नाही.

तिने एकदा अंग उचललं. त्यांनी टाच तिच्या डोक्यावर ठेवली आणि सगळा भार टाकला. अक्रोड फुटल्यासारखा आवाज झाला. शेपूट त्यानंतरही बराच वेळ फरशीवर आपटत होती. ते धाकटीकडे वळले. ती कोपऱ्यात अंग मुडपून होती. तिला धरायला त्यांनी उजवा हात आत घातला, डाव्या हाताने टाकीची कड पकडली, आणि माझ्याकडे पाठ केली. मी काही करेन, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

वजनाला वर कडी असते. मी ती धरली. कडेवरच्या डाव्या हातावर पहिला घाव घातला. ते ओरडले, उजवा हात पाण्याबाहेर आला, त्यात धाकटी नव्हती. ते गुडघ्यांवर बसले. मी त्यांच्या उजव्या मनगटावर पाय दिला, हात फरशीवर सपाट झाला. ते दुसऱ्या, मोडलेल्या हाताने माझा पाय ओढत होते, ‘दादा, सोडा, दादा’ म्हणत होते.

मी म्हटलं, ‘तू सुटायला बघत नाहीयेस. तसं दिसतं फक्त.’

आणि त्या हातावर वजन खाली आणलं. या हाताने ते पक्कड धरायचे. आता धरणार नाहीत, डॉक्टर तसं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

वर एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. खोडत नाही, खाली दुरुस्त करतो. वजन पिशवीत नव्हतं. सकाळीच मी ते बाहेर काढून खुर्चीखाली ठेवलं होतं, कडी माझ्या हाताच्या बाजूला येईल असं. ठेवताना स्वतःला सांगितलं, पिशवी जड होते म्हणून. दारही प्रकरण मिटावं म्हणून उघडलं नव्हतं.

फौजदाराने जबाब घेताना माझ्या सोयीचं विचारलं. म्हणजे दोन्ही घाव जिवाच्या भीतीने? वकीलबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, पहिला असेल, दुसऱ्या वेळी मला भीती नव्हती. फौजदार लेखणी थांबवून म्हणाला, मग काय होतं? मला बरं वाटत होतं, असं मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं.

मी निलंबित आहे. आमच्या कार्यालयाने पोलिसांना कळवलं आहे की सदर वजनाचा आघातासाठी वापर झाल्याने ते फेरपडताळणीसाठी परत करावं. पोलीस म्हणतात, तो पुरावा आहे. या भांडणात माझ्यापेक्षा वजनाची चौकशी जास्त होते आहे. तू असतीस तर हसली असतीस.

आणखी एक. भावोजींना पट्ट्या बांधून पोलीस घेऊन गेले हे कळल्यावर कारकुनांनी तक्रार दिली. भावोजी आता कोठडीत आहेत आणि लवकर सुटत नाहीत. तुला आता पळायला नको. हे तुला सांगायला मिळालं, म्हणून बाकीचं सोसतो.

थोरलीला मागच्या आवारात पुरलं.

दादा


२ ऑक्टोबर

प्रिय टिटवी,

तुझा निरोप पोहोचला. वकीलबाईंनी वाचून दाखवला: मासे न्यायला येईन, दादा घरात नसताना.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचला. मी विचारलं, आणखी काही? त्या म्हणाल्या, एवढंच. मग मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, मी जे केलं ते तिच्यासाठीच केलं. पलीकडे नवी कवळी बसवलेले कारकून होते. ते खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी पाहिलं. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य कुणाचं होतं हे मला घरी येऊन टाकीपुढे बसल्यावर कळलं. त्याच खुर्चीत बसून भावोजींनी ते म्हटलं होतं.

मी भावोजींसारखा नाही, असं मी तुला पटवू शकेन. चांगलं लांबलचक पत्र लिहू शकेन, लिहायला मला येतं. पण ज्या सकाळी मी वजन खुर्चीखाली ठेवलं, त्या सकाळी मी शीळ घालत होतो. हे फौजदाराला सांगितलं नाही. तुला सांगतो, कारण तू जे ओळखलंस ते बरोबर ओळखलंस.

आता कामाचं. धाकटीने अंडी घातली आहेत. चामड्याच्या चपट्या पाकिटांसारखी, कोपऱ्यांना दोरे. बरीचशी पोकळ निघाली. दोन धरली आहेत. मागून विजेरी धरली की आत पिवळ्या गोळ्याला चिकटलेला धागा दिसतो आणि तो धागा सारखा वळवळत असतो. ती पाण्यातल्या टोपलीत ठेवली आहेत. नेताना पाण्याबाहेर काढू नकोस, टोपलीसकट पिंपात उतरव. पिंप स्वच्छ धुऊन दाराशी ठेवलं आहे, हवेचा पंप त्याच्या शेजारी. धाकटीचा तो पर आता कधीच पूर्ण उलगडणार नाही, पण ती पोहते, आणि गेल्या आठवड्यापासून माझ्या चिमट्यातून खाते. तुझ्याही खाईल.

साहेबाला मी ठेवून घेतो. त्याचा मला राग येईना. धरण्यापलीकडे त्याला दुसरी रीतच दिलेली नाही. मला दिली होती.

किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. त्या तुझ्यासोबत थांबतील, मी सांगितलं आहे. तू कोणत्या दिवशी येणार ते मला कळवू नकोस. वकीलबाईंना सांग, त्या मला फक्त म्हणतील, आज बाहेर जा. मी गावाबाहेरच्या धर्मशाळेत जाईन आणि त्या परत ये म्हणेपर्यंत येणार नाही.

तुझ्या सूचनांचा कागद झाकणावरून काढला नाही. पाणी लागून शाई फुटली आहे, पण दोन रेघा अजून दिसतात. जाळी मी बसवली आहे, चारही खुंट्या नीट आवळून. साहेब पलीकडच्या बाजूला आहे. मीही.

तुझा दादा